औषधांची यादी कुणाची? अमेरिकेतल्या एका जुन्या भांडणाची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर त्यांनाही पाठवा, त्यांच्या कामाची आहे.)

१ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतल्या सीव्हीएस केअरमार्क या कंपनीने आपल्या मुख्य औषध-याद्यांमधून 'हुमिरा' नावाचं इंजेक्शन काढून टाकलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, आतड्यांवर उलटते अशा आजारांवरचं हे औषध. वर्षानुवर्षं जगातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या औषधांपैकी एक. या याद्यांवर ज्यांचा विमा चालतो त्या रुग्णांना सांगितलं गेलं की इथून पुढे हुमिराचे पैसे मिळणार नाहीत, त्याच्यासारखंच दुसरं स्वस्त इंजेक्शन घ्या.

आता यातली गंमत बघा. ही स्वस्त इंजेक्शनं (त्यांना बायोसिमिलर म्हणतात) अमेरिकेच्या बाजारात आली जानेवारी २०२३ मध्ये. पहिल्या वर्षाअखेर त्यांच्या वाट्याला आलेला खप जेमतेम दोनेक टक्के! स्वस्त माल समोर असताना गिऱ्हाईक महागाला चिकटून होतं. का? कारण बहुतेक याद्यांमध्ये हुमिरा अजून मानाने बसलेलं होतं. आणि यादीतून नाव गेल्यावर? काही आठवड्यांतच लोक ढिगाने दुसऱ्या इंजेक्शनकडे वळले. किमतीला जे चौदा महिन्यांत जमलं नाही ते यादीने महिन्याभरात करून दाखवलं. आणखी एक बारीक गोष्ट. ज्या इंजेक्शनकडे लोक प्रामुख्याने वळले ते विकत होती कॉर्डाव्हिस, म्हणजे सीव्हीएसनेच २०२३ मध्ये काढलेली कंपनी, सँडोझच्या साथीने. यादी करणारा आणि यादीतला माल विकणारा एकाच घरचे.

तरी हे प्रकरण तसं सौम्यच, कारण बदली औषध त्याच जातकुळीचं होतं आणि छापील किंमत हुमिराच्या ऐंशी टक्क्यांनी कमी होती. पुढच्या वर्षी काय झालं ते ऐका. १ जुलै २०२५ पासून याच कंपनीने लठ्ठपणावरचं 'झेपबाउंड' आपल्या सर्वांत मोठ्या व्यापारी याद्यांमधून काढलं आणि 'वेगोव्ही'ला पसंती दिली. ही दोन औषधं एक नाहीत. एकात टिर्झेपटाइड, दुसऱ्यात सेमाग्लुटाइड. त्याच वर्षी मे महिन्यात दोघांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली होती. ७२ आठवड्यांत पहिल्याने वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, दुसऱ्याने १३.७ टक्के. यादीत राहिलं दुसरं, कारण सौदा त्याच्या कंपनीशी जमला.

दोन्ही तारखा परत वाचा. १ एप्रिल आणि १ जुलै. वर्षाच्या मध्यात!

अमेरिकेत विमा वर्षाचा असतो. पॉलिसी निवडायची खिडकी वर्षातून एकदाच काही आठवडे उघडते. शहाणा माणूस आपलं औषध यादीत आहे का ते बघून पॉलिसी घेतो. त्यानंतर वर्षभर तो अडकला. काही खास कारण असल्याशिवाय (नोकरी गेली, लग्न झालं, मूल झालं) त्याला बाहेर पडता येत नाही. पण ज्या यादीकडे बघून त्याने पॉलिसी घेतली ती यादी मात्र बदलू शकते. करार दोघांचा, बांधलेला एकटाच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली अमेरिकेतली सगळी लढाई या एका मुद्द्याभोवती आहे. ती समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

यादी मुळात आली कुठून?

औषधांची यादी ही विमा कंपन्यांनी काढलेली युक्ती नाही. अमेरिकेतली पहिली म्हणता येईल अशी यादी १७७८ सालची, स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाची. पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावी लष्करी रुग्णालय होतं. तिथल्या विल्यम ब्राउन नावाच्या डॉक्टरने ३२ पानांची लॅटिन पुस्तिका तयार केली. ब्रिटनशी युद्ध जुंपलेलं, औषधांची टंचाई. जे मिळतंय त्यात सैनिकांवर उपचार कसे करायचे हे सांगणारी ती यादी होती.

पुढे विसाव्या शतकात मोठ्या रुग्णालयांनी आपापल्या याद्या केल्या. एकाच गुणाच्या दहा कंपन्यांच्या दहा बाटल्या कपाटात कशाला ठेवायच्या, हा साधा विचार. रुग्णालयातले डॉक्टर आणि औषधशास्त्री यांची समिती बसायची, कुठलं औषध ठेवायचं ते ठरवायची. एखाद्या डॉक्टरला पटलं नाही तर तो समितीपुढे जाऊन भांडू शकत होता. यादी करणारा, औषध लिहिणारा आणि औषध घेणारा असे तिघेही एकाच इमारतीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकी तीच हरवली.

विमा आणि गोळ्या

१९६५ मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर आलं. रुग्णालयाचा खर्च आला, डॉक्टरची फी आली, पण घरी घ्यायच्या गोळ्यांचा खर्च त्यात नव्हता. १९८८ मध्ये कायदा करून तो घातला गेला, पण त्याचा भार म्हाताऱ्यांवरच जादा आकारणीने टाकला होता. ते इतके चिडले की दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, संसदेने कायदा मागे घेतला. शिकागोत तर डॅन रोस्टेनकाउस्की या बड्या खासदाराची गाडी वृद्ध मतदारांनी अडवली होती. साहेबांना गाडी सोडून पायी निघावं लागलं.

दरम्यान नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात मात्र साठच्या दशकाच्या अखेरीपासून औषधं येऊ लागली होती. अडचण अशी की रुग्णालयाचं बिल वर्षातून एखादं येतं, औषधाचं दर महिन्याला, तेही चार-पाच डॉलरचं. एवढ्या चिल्लर दाव्यांचा हिशोब ठेवणार कोण? त्यासाठी वेगळ्या कंपन्या निघाल्या. गिऱ्हाइकाला प्लास्टिकचं कार्ड द्यायचं, दुकानदाराचं बिल चुकतं करायचं, प्रत्येक व्यवहारामागे थोडे पैसे घ्यायचे. निव्वळ कारकुनी काम. पुढे याच कंपन्यांना 'फार्मसी बेनिफिट मॅनेजर' म्हणजे पीबीएम हे नाव मिळालं. देशात कोण कुठली गोळी घेतो याची नोंद त्यांच्याकडे जमा होत गेली आणि कारकुनाच्या हाती तिजोरीची किल्ली आली.

न्यू हॅम्पशायरचे अकरा महिने

इथे थोडं थांबू. औषधाचे पैसे अचानक थांबले तर माणसाचं नेमकं काय होतं, याचा एक जवळजवळ प्रयोगच अमेरिकेत होऊन गेला आहे. कुणी मुद्दाम केला नव्हता, सरकारी काटकसरीत झाला.

१९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्याने गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत नियम केला: महिन्याला तीनच औषधांचे पैसे मिळतील. हृदयविकार, मधुमेह आणि दमा तिन्ही असलेल्या म्हातारीने कुठली तीन निवडायची ते तिने बघावं. अकरा महिने हा नियम चालला. मग तो काढून प्रत्येक औषधामागे एक डॉलर घ्यायचं ठरलं.

हार्वर्डचे स्टीफन सुमेराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या अकरा महिन्यांच्या नोंदी काढल्या आणि असा नियम नसलेल्या न्यू जर्सीशी ताडून बघितल्या. १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. अनेक औषधं लागणाऱ्या वृद्धांमध्ये आवश्यक औषधांचा वापर ३५ टक्क्यांनी घटला होता आणि त्यांची शुश्रूषागृहात दाखल होण्याची शक्यता जवळपास दुपटीने वाढली होती. नियम उठल्यावर औषधांचा वापर बऱ्यापैकी पूर्वपदावर आला. पण शुश्रूषागृहात गेलेली माणसं बहुतेक करून घरी परतली नाहीत.

१९९४ मध्ये त्याच गटाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. या काळात मानसोपचाराच्या तातडीच्या सेवांवरचा खर्च रुग्णामागे सरासरी १,५३० डॉलरने वाढला होता. औषधांवर जेवढे वाचवले त्याच्या सतरा पट!

म्हणजे हा फक्त दयेचा प्रश्न नाही. गोळीचे पैसे वाचवणारा आणि रुग्णालयाचं बिल भरणारा वेगवेगळे असले की पहिल्याला सगळं छान चाललंय असंच वाटतं. खर्च वाचत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

यादीचा बाजार

नव्वदच्या दशकात औषध कंपन्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांच्या दारोदार प्रतिनिधी पाठवण्यापेक्षा यादी करणारालाच विकत घेतलं तर? १९९३ मध्ये मर्कने मेडको ही पीबीएम कंपनी सुमारे सहा अब्ज डॉलरला घेतली. १९९४ मध्ये एलाय लिलीने पीसीएस घेतली, सुमारे चार अब्जाला. स्मिथक्लाइन बीचमनेही एक घेतली. आता लिलीची पीसीएस यादीत कुणाचं औषध वर ठेवणार? फेडरल ट्रेड कमिशनलाही हाच प्रश्न पडला. यादी खुली ठेवा, प्रतिस्पर्ध्यांची औषधं डावलू नका, अशा अटी त्यांनी लिलीवर घातल्या. काही वर्षांत ही लग्नं मोडली. लिलीने पीसीएस १९९८ मध्ये विकून टाकली, मर्कने २००३ मध्ये मेडकोला वेगळं केलं.

पण धंद्याची रीत पक्की झाली होती. ती समजायला आपल्या मार्केट यार्डातला अडत्या डोळ्यांपुढे आणा. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मध्ये तो बसतो, दोघांचं काम करतो असं सांगतो आणि रुमालाखाली बोटांनी काय भाव ठरला ते तिसऱ्याला कळत नाही. पीबीएमचा रुमाल म्हणजे 'रिबेट', परतावा. औषध कंपनी म्हणते, मला यादीत चांगली जागा द्या, प्रत्येक विक्रीमागे इतके परत देते. हा आकडा गुप्त असतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशोब करू. 'अ' औषधाची किंमत ५०० डॉलर, परतावा ३५०. 'ब' औषधाची किंमत सरळ १७०, परतावा शून्य. विमा योजनेला 'अ' १५० ला पडलं आणि 'ब' १७० ला. यादीत 'अ' बसणार. पण रुग्णाला किमतीच्या वीस टक्के भरायचे असतील तर ते छापील ५०० वर मोजले जातात. त्याचे गेले १०० डॉलर. 'ब' असतं तर ३४ गेले असते. योजनेचे वाचले २०, रुग्णाचे वाढले ६६. सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तीन सर्वांत मोठ्या पीबीएमविरुद्ध इन्सुलिनबाबत कारवाई सुरू केली तिचा गाभा हाच होता. कमी किमतीचं इन्सुलिन उपलब्ध असताना जास्त परताव्याचं यादीत ठेवलं, असा आरोप. कंपन्यांनी तो नाकारला.

सुरुवातीला याद्यांमध्ये निदान नकार नसायचा. एखादं औषध खालच्या पायरीवर ढकलायचे, जास्त पैसे भरून ते मिळायचं. २०१२ च्या सुमारास सीव्हीएस केअरमार्कने तीसेक औषधं यादीतून सरळ वगळली. २०१४ मध्ये एक्सप्रेस स्क्रिप्ट्सने चाळीसहून जास्त. दहा वर्षांत ही संख्या तीन मोठ्या कंपन्या मिळून शेकड्यांत गेली. आणि या तीन कंपन्यांच्या हातून देशातल्या दहापैकी सुमारे आठ चिठ्ठ्या जातात. त्यांतली एक आता एटना विमा कंपनीच्या घरात, दुसरी सिग्नाच्या, तिसरी युनायटेडहेल्थच्या. लिटिट्झच्या रुग्णालयात एका छपराखाली असलेले तिघे आता इतके लांब गेले की रुग्णाला यादी करणाऱ्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

कायदे आले, पण तुकड्यातुकड्यांनी

लोक गप्प बसले असं नाही.

पहिलं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियाचं. १९९८ मध्ये तिथे कायदा झाला, १९९९ पासून लागू. तो अगदी सोपा आहे: योजनेने तुमच्या आजारासाठी एखादं औषध आधी मंजूर केलेलं असेल, डॉक्टर ते अजून लिहून देत असेल आणि ते सुरक्षित व परिणामकारक असेल, तर यादी बदलली म्हणून त्याचे पैसे बंद करता येणार नाहीत. त्याच औषधाची जेनेरिक आवृत्ती द्यायला मात्र हरकत नाही. म्हणजे नव्या रुग्णांसाठी यादी खुशाल बदला, चालू उपचाराला हात लावू नका.

टेक्सासने दुसरा रस्ता घेतला. यादीत रुग्णाच्या तोट्याचा बदल करायचा तर तो पॉलिसीच्या नूतनीकरणालाच करायचा आणि साठ दिवस आधी कळवायचं. मधल्या काळात ठरलेला लाभ चालू राहील. टेक्सास म्हणजे काही सरकारी नियमांचं प्रेम असलेलं राज्य नव्हे! तिथेही हे पटलं, कारण मुद्दा करार पाळण्याचा होता.

मग आला मेडिकेअर पार्ट डी. ८ डिसेंबर २००३ ला जॉर्ज बुश यांनी सही केली, १ जानेवारी २००६ पासून म्हाताऱ्यांना औषधांचा विमा सुरू झाला. खासगी कंपन्यांमार्फत, प्रत्येकीची यादी वेगळी. त्या दिवशी साठ लाखांहून जास्त गरीब वृद्ध आणि अपंगांची औषधं मेडिकेडमधून एका रात्रीत या नव्या योजनांमध्ये ढकलली गेली. पहिल्या आठवड्यात जो गोंधळ झाला तो अमेरिकेतल्या जुन्या दुकानदारांना अजून आठवतो. संगणकात नाव नाही, नाव आहे तर औषध यादीत नाही, फोन लागत नाही. मानसिक आजाराच्या, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी आलेली माणसं हात हलवत परत जाऊ लागली. शेवटी अनेक राज्य सरकारांनी आपल्या तिजोरीतून तात्पुरते पैसे दिले आणि वेळ निभावली.

या अनुभवाचा आणि रुग्ण-संघटनांच्या रेट्याचा परिणाम म्हणून पार्ट डीमध्ये जे नियम बसले ते आजही अमेरिकेतलं सर्वांत भक्कम संरक्षण मानता येईल. थोडक्यात सांगतो.

एक, नवीन योजनेत गेल्यावर पहिल्या ९० दिवसांत, चालू औषध यादीत नसलं तरी एक महिन्याचा साठा द्यावा लागतो. तेवढ्यात डॉक्टरशी बोलून मार्ग काढा.

दोन, वर्ष सुरू झाल्यावर एखादं औषध काढायचंच असेल तर ते आधीपासून घेणाऱ्यांना त्या वर्षापुरती सूट. नवं जेनेरिक आलं किंवा औषधच धोकादायक ठरलं, तर गोष्ट वेगळी.

तीन, डॉक्टरने कारण लिहून अपवाद मागितला तर ७२ तासांत उत्तर, तातडीचं असेल तर २४ तासांत.

चार, सहा वर्गांतली जवळजवळ सगळी औषधं यादीत ठेवावीच लागतात: फेफऱ्याची, नैराश्याची, मनोविकृतीवरची, कर्करोगाची, एचआयव्हीची आणि प्रत्यारोपण झालेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची. कारण या आजारांत 'हे नाही तर ते' चालत नाही. फेफऱ्याची गोळी बदलली आणि गाडी चालवताना झटका आला तर?

या सहा वर्गांवर नंतर दोनदा गदा आली. जानेवारी २०१४ मध्ये ओबामा सरकारने त्यातले तीन वर्ग कमी करायचा प्रस्ताव आणला. इतका विरोध झाला की मार्चमध्ये गुंडाळला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने हे संरक्षण सैल करायचं ठरवलं. मे २०१९ च्या अंतिम नियमात त्यातलं मुख्य कलम गळालेलं होतं. सरकारं दोन पक्षांची, मोह एकच: खर्च कमी करायचा. आणि दोन्ही वेळा अडवलं ते रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि डॉक्टर यांनी मिळून.

मग तरीही १ एप्रिल आणि १ जुलै कसे घडतात?

कारण एक मोठं भगदाड आहे, आणि त्याची गोष्ट मोटारींच्या कारखान्यात सुरू होते. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीने साउथ बेंड इथला कारखाना बंद करण्याची घोषणा केली आणि हजारो कामगारांची पेन्शन बुडाली. त्यावरून जी ओरड झाली तिच्यातून अखेर १९७४ मध्ये एरिसा नावाचा कायदा आला. हेतू पेन्शन वाचवण्याचा. पण त्यातल्या एका तरतुदीने नोकरीतल्या लाभ-योजनांवर राज्यांचे कायदे चालणार नाहीत असं ठरवलं. ज्या मालक-कंपन्या विमा विकत न घेता कर्मचाऱ्यांच्या उपचाराचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात, त्यांना याने राज्यांच्या विमा कायद्यांतून मोकळीक मिळाली. आज अमेरिकेत नोकरीतून विमा असलेल्या दहातले सहाहून जास्त कामगार अशाच योजनांमध्ये आहेत.

म्हणजे कॅलिफोर्नियाचा तो सुंदर कायदा सिलिकॉन व्हॅलीतल्या मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा चालतच नाही! त्याच्या कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, त्यामुळे त्याला वाटतं आपण विमाधारक आहोत. प्रत्यक्षात पैसे मालकाचे असतात आणि कार्डावरची कंपनी फक्त कारभार बघत असते. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सॉच्या खटल्यात ८ विरुद्ध ० मतांनी राज्यांना पीबीएमवर काही बंधनं घालायला परवानगी दिली. पण तो वाद औषध-दुकानदारांना मिळणाऱ्या पैशांचा होता. यादीच्या बाबतीत केंद्रीय कायदा होईपर्यंत भगदाड तसंच आहे.

विमावाल्यांचं म्हणणं काय?

दुसरी बाजू ऐकायलाच हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, यादी गोठवली तर औषध कंपन्या जानेवारीत यादीत शिरतील आणि फेब्रुवारीत भाव वाढवतील. आमच्या हातात 'नाहीतर काढून टाकू' एवढी एकच काठी आहे, तीही घेतली तर सगळ्यांचे हप्ते वाढतील. हुमिराचंच बघा. दोन टक्क्यांवर अडकलेला खप यादीच्या काठीनेच हलला.

बरोबर आहे. म्हणून सगळे बदल सरसकट अडवा असं म्हणणं शहाणपणाचं नाही. पण बदल आणि बदल यांत फरक करता येतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मे २०१९ मध्ये जाहीर केलं की सरकारी योजनेतल्या रुग्णांनी काही महागड्या मूळ औषधांवरून त्यांच्या बायोसिमिलरवर जायचं. वीस हजारांवर रुग्णांचा प्रश्न होता. त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली, डॉक्टर-दुकानदारांना आधी माहिती दिली, वैद्यकीय कारण असेल तर अपवादाची सोय ठेवली. आणि वाचलेला पैसा कुठल्या मध्यस्थाच्या परताव्यात न जाता सार्वजनिक योजनेतच राहिला. तिथेही कुरबुरी झाल्या, पण कुणाला एका सकाळी दुकानात उभं राहून 'यादीत नाही' असं ऐकावं लागलं नाही.

तेव्हा माझ्या मते कसोटी चार प्रश्नांची आहे. बदली औषध तेच आहे की वेगळंच? पुरेशी पूर्वसूचना आणि मुदत दिली का? 'माझ्या रुग्णाला नाही चालणार' असं म्हणायची डॉक्टरला सोय आहे का, आणि तिला वेळेत उत्तर मिळतं का? आणि वाचलेले पैसे कुणाच्या खिशात गेले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं नीट असतील तर यादी वर्षातून कितीदाही बदला, फारसं कुणाचं बिघडणार नाही. चौथ्याचं उत्तर उघड असलं तर निम्मी भांडणंच होणार नाहीत.

आपल्याला याचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न अजून या रूपात नाही, कारण आपला विमा बहुतेक करून रुग्णालयात दाखल झाल्यावरच जागा होतो. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आपण खिशातून घेतो. आपल्या याद्या वेगळ्या आहेत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी १९९६ पासून आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं होती, तेव्हा ३४ नवी आली आणि रॅनिटिडीनसकट २६ गेली. तिथे नाव असण्याचा अर्थ मुख्यतः किमतीला कमाल मर्यादा. आणि सरकारी दवाखान्यातली यादी आपल्याला कळते ती 'बाहेरून आणा' या दोन शब्दांत.

पण ओपीडी आणि औषधांचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आता येऊ लागल्या आहेत. उद्या त्या वाढल्या की यादी येणार, यादी आली की तिचा कारभारी येणार. कारभारी आल्यावर तीस वर्षांनी भांडत बसण्यापेक्षा नियम आधी लिहिलेले बरे. विमा वर्ष चालू असताना चालू औषध काढायचं नाही, हे एक वाक्य जरी नियमात असलं तरी पुष्कळ झालं.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी व्यवहाराचं तेवढं सांगतो. योजना निवडताना औषधाचं नाव यादीत बघाच, पण मालकाच्या एचआर विभागाला एक प्रश्न जरूर विचारा: आपली योजना विकत घेतलेल्या विम्याची की कंपनीच्या स्वतःच्या पैशांची? कुठला कायदा लागू होतो ते त्यावर ठरतं. यादी बदलल्याचं पत्र आलं तर फेकू नका, त्यातली तारीख बघा आणि औषध संपायच्या आत डॉक्टरला अपवादाचा अर्ज करायला लावा. नकार आला तर तो लेखी घ्या आणि अपील करा. कित्येक जण पहिल्या नकारालाच शेवटचं उत्तर समजतात, आणि त्या समजुतीवर पुष्कळांचा धंदा चालतो.

तुमच्यापैकी कुणाचं किंवा कुणाच्या आई-वडिलांचं चालू औषध असं मध्येच यादीतून गेलं आहे का? मग काय केलंत? कमेंटमध्ये लिहा (औषधाचं नाव नको असेल तर नका लिहू). ज्यांच्यावर उद्या ही वेळ येईल त्यांना उपयोग होईल.